निळ्या झाकणाचा डबा

१७ ऑक्टोबर, रविवार

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. आठ महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. "आई अंथरुणाला खिळली आहे. कूस बदलायलाही माणूस लागतं. कळावं म्हणून लिहिलं. तुम्ही यायची गरज नाही." शेवटचं वाक्य तुम्ही का लिहिलंत, ते मला समजतं.

माझी तब्येत बरी आहे. दुकान तेच, काम तेच. चष्म्याच्या काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, पुसायच्या, उजेडात धरायच्या, बोटाचा ठसा दिसला की पुन्हा पुसायच्या. पंचवीस वर्षं हेच करून माणूस कसा होतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. तुमची धाकटी बहीण म्हणायची, "यांना दाराची कडीसुद्धा धुऊन हवी."

नवीन सांगण्यासारखं एकच आहे. मी डोंगर चढायला लागलो आहे. बावन्नाव्या वर्षी, त्यामुळे हसलात तरी चालेल. ती गेल्यावर रविवारी घरात बसवेना. शेजारपाजारचे यायचे, "सुटली बिचारी" म्हणायचे आणि बिस्किटं खायचे. त्यांच्या ओठांच्या कडेला चिकटलेला ओला चुरा बघून मला शिसारी यायची. एकदा एक प्लंबर चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आला. "रविवारचं काय करता?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. "मग चला आमच्याबरोबर." डोंगरात जाणाऱ्या एका गटाचा तो प्रमुख निघाला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात.

ताई, इतकी घाणेरडी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. एका बाटलीला पाच जण तोंड लावतात. घामाने भिजलेले मोजे रात्री पोटाशी घेऊन झोपतात, सकाळी वाळलेले मिळावेत म्हणून. गटात एक बेकरी चालवणारी बाई आहे. ती जेवता जेवता बुटातून पाय काढून टाचेचा फोड फोडते, आणि त्याच हाताने पाव मोडून पुढे करते. "घ्या की, लाजताय काय?" मी घेत नसे. पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीत तीन साबण सापडले, तेव्हापासून माझं नाव 'साबण' पडलं. तरीही मी दर रविवारी का जात राहिलो, हे मला नीट सांगता येणार नाही. तिथे कुणी काही विचारत नसे, हे एक कारण असेल.

गेल्या महिन्यात नवशिक्यांसाठी पाच दिवसांची मोहीम होती. झाडं संपतात त्याच्याही वर, नुसत्या खडकात. तिथे माती नाही, थंडी अशी की टाकलेलं काही कुजत नाही. म्हणून नियम असा की वर काहीही ठेवून यायचं नाही. जेवणाचं ताट थोड्या पाण्याने खळबळायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मी पहिल्या दिवशी माझं पाणी हळूच एका दगडामागे ओतलं.

उस्ताद ओरडला, "ओ साबण! तुमचंच ताट, तुमचंच तोंड, मग कसली लाज?"

मी प्यालो. त्यात तेलाचे थेंब आणि भाताची शितं तरंगत होती. डोळे मिटून प्यालो तरी ती जिभेला लागली.

पण हे काहीच नाही. प्रत्येकाला निळ्या झाकणाचा एक डबा आणि पिशव्यांची एक गुंडाळी दिली होती. सकाळी पिशवीत शौच करायचं, गाठ मारायची, पिशवी डब्यात टाकायची आणि पाचव्या दिवशी डबा पाठीवर बांधून खाली आणायचा. हे लिहितानाही मला कसंतरी होतं आहे. तुम्हाला असलं लिहू नये, हे कळतं. मी दोन दिवस गेलोच नाही. बेकरीवाली म्हणाली, "अहो साबण, पोटात दगड साठवताय का? इथे काय कमी आहेत?" सगळे हसले. मला उठून घरी जावंसं वाटलं, पण घरी तरी काय होतं.

तिसऱ्या दिवशी सगळे शिखरावर गेले. माझी टाच सोलली होती म्हणून मी खाली तंबूंपाशी थांबलो. माझ्या तंबूत एक भूगोलाचा मास्तर होता. वय तीसएक आणि उंची अशी की झोपला की पाय तंबूबाहेर. त्याला लांब्या म्हणतात. त्याचं पोट रात्रीपासून बिघडलं होतं, म्हणून तोही थांबला होता. साडेदहाच्या सुमाराला मी बाहेर स्टोव्हवर चहा ठेवला होता. आतून आवाज आला, "साबण... अहो, जरा या ना. मला उठता येत नाहीये."

वास बाहेरपर्यंत आला होता. काय झालं आहे ते मला कळलं होतं.

मी स्टोव्हची चावी फिरवली आणि त्याचा आवाज मोठा केला.

आज इथेच थांबतो. दुकानातलं थोडं काम घरी आणलं आहे.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र टाकलं नाही. वर जेवढं लिहिलं आहे तेवढंच पाठवलं असतं, तर पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं. म्हणून आता सरळ लिहितो.

तिच्या पोटावर ऑपरेशननंतर शौचाची पिशवी लावली होती. ती बदलायला तुम्ही रोज दोन बस बदलून यायचात. मी एकदाही हात लावला नाही. तुमचा माझ्यावरचा राग त्यासाठी आहे आणि तो बरोबर आहे. पण तुम्हाला सगळं माहीत नाही.

ती जायच्या अकरा दिवस आधीची दुपार तुम्हाला आठवत असेल. तुम्ही चारला आलात. पिशवी सुटली होती आणि ती त्या घाणीत पडून होती. चादर, गादी, तिचे केस, सगळं. तुम्ही मला विचारलंत, "तुम्हाला कळलं नाही?" मी म्हटलं, "नळ चालू होता." मग तुम्ही तिला विचारलंत आणि ती म्हणाली, "मी हाक मारलीच नाही, ताई." तुम्ही तिला किती रागावलात. "हाक मारायला काय झालं होतं? एवढा कसला मानीपणा?" ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. मी दारात उभा होतो.

तिने हाक मारली होती, ताई. अडीच वाजल्यापासून. पहिली हाक ऐकली तेव्हा मी दारापर्यंत गेलो, पाहिलं, आणि तो वास आला. मी स्वयंपाकघरात परत आलो आणि नळ पूर्ण सोडला. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. चार वाजता तुम्ही येणारच होतात. तीनच्या पुढे तिने हाक मारणं थांबवलं. मी दारापर्यंत आलो होतो, हे तिने पाहिलं होतं. तरीही ती तुमच्याशी माझ्यासाठी खोटं बोलली, आणि माझ्या वाट्याची बोलणी तिने खाल्ली. अकरा दिवस मिळाले, त्यांतही मी तोंड उघडलं नाही. मला स्वतःची जितकी किळस येते, तितकी आजवर कशाचीच आलेली नाही.

लांब्याचं सांगतो. त्याने पुन्हा हाक मारली. या वेळी "साबण" नाही, "काका" म्हणाला. मी स्टोव्ह बंद केला आणि आत गेलो. मी सुधारलो वगैरे म्हणून नव्हे. त्या उघड्या खडकावर चार वाजता कुणी येणार नव्हतं. त्याच्या झोपायच्या पिशवीत सगळं झालं होतं. मी त्याला आधार देऊन बाजूला घेतलं, पुसलं, माझी पँट त्याला घातली. ती त्याच्या गुडघ्यांच्या जरा खाली संपली, तेव्हा तो तशाही अवस्थेत हसला. मधे दोनदा मी बाहेर जाऊन ओकलो. तेही पिशवीत भरावं लागलं. परत आत गेलो की तो म्हणायचा, "सॉरी हो काका." मी म्हणायचो, "गप पड." पूर्ण तास गेला. तिसऱ्यांदा ओकायला काही उरलंच नाही.

उतरताना त्याचाही डबा मीच घेतला, त्याच्या अंगात त्राण नव्हतं. दोन डबे पाठीवर खडखडत होते आणि उन्हाने तापले होते. झाकणं घट्ट होती, पण मला सारखा वास येतोय असंच वाटत होतं. उस्ताद शेजारून चालत होता. मी विचारलं, "तुम्हाला घाण वाटत नाही?"

"वाटते की."

"पण तुमचा तर धंदाच आहे."

"म्हणून काय झालं? बावीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्यांत हात घालतोय. रोज मळमळतं. मोरी साफ होते, तेवढंच."

"मला वाटायचं, काही माणसांना किळस येतच नाही."

तो मोठ्याने हसला. "असं माणूस भेटलं तर पाठवा माझ्याकडे. उद्यापासून कामावर ठेवतो."

ताई, तुमच्याबद्दल मला तेच वाटायचं. तुम्हाला जमतं, तुमचा स्वभावच तसा, असं मी धरून चाललो होतो. सुरुवातीला दोनदा तुम्ही आमच्या बाथरूममध्ये जाऊन ओकला होतात. मी आवाज ऐकला होता, आणि बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, असं स्वतःला सांगून मोकळा झालो होतो.

खाली उतरल्यावर बेकरीवालीने शेजारची सॅक उचलून मला जागा केली आणि स्वतःचा अर्धा खाल्लेला पाव दिला. मी खाल्ला. शिळा होता. पुढच्या मोहिमेच्या यादीत त्यांनी मला न विचारता माझं नाव घातलं आहे, 'साबण' असंच. खूप वर्षांत कुणी मला कशात असं धरलेलं नव्हतं.

ती मोहीम याच शनिवारी आहे. मी येत नाही म्हणून कळवलं आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुमच्याकडे येतो. दुकानातून महिनाभराची रजा घेतली आहे. हे सगळं वाचल्यावर मला दारात उभं करावंसं वाटलं नाही, तर दुकानात फोन करा. मालकांना "नको" एवढंच सांगा, ते कारण विचारणार नाहीत. फोन आला नाही तर मी येईन. आईंचं कसं करायचं ते पहिल्या दिवशी मला एकदा दाखवा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही झोप काढा. माझं तोंड वाकडं होईल, कदाचित मधेच उठून बाहेरही जाईन. पण परत येईन. तेवढ्या वेळात आईंना उघडं वाटू नये म्हणून उशाशी एक जास्तीची चादर ठेवा.

आपला,
(भाऊजी म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा)