ओळखीचं अक्षर

१६ जुलै २०१६, शनिवार
केंद्रप्रमुख साहेबांचं फर्मान. पुढच्या महिन्यापासून शिक्षण परिषद शिक्षकांनीच चालवायची, एकमेकांच्या अडचणी एकमेकांनी सोडवायच्या. सगळ्यांच्या माना खाली. साहेब माझ्याकडे बघून, "तुम्हीच घ्या सर. तोंड नाहीतरी बंद नसतंच तुमचं." गेल्या वेळी त्यांच्या खुर्चीला घुंगरू बांधलेलं, त्याचा वचपा. बारावीला दोनदा बसलेला मी, आठ शाळांच्या गुरुजींना काय चालवणार. येताना आशागडच्या अलीकडे गाडी पंक्चर. ढकलत आलो.

२० ऑगस्ट
परिषद झाली. माझी आयडिया अशी: वर्गात जे जमत नाही ते चिठ्ठीवर लिहा, नाव नको, हंड्यात टाका. मी एकेक वाचणार. पहिली माझीच काढली, "साहेबांची पीपीटी जागं राहून बघता येत नाही." हशा. मग चढलोच मी. पुढची चिठ्ठी: "भागाकारात मधे शून्य का द्यायचं ते मला समजावता येत नाही. पोरांनी विचारलं की दटावते. बावीस वर्षं झाली." रडक्या पोराच्या आवाजात वाचली, वर चिठ्ठी सगळ्यांना दाखवली.
हसले. मग एकेक जण थांबला. वर्षभर माहितीचे तक्ते एकाच टेबलावर बसून भरतो, कुणाचं अक्षर कुणाला माहीत नाही? अक्षर नरपडच्या सावेबाईंचं. बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. चहा न घेता गेल्या.

२२ ऑगस्ट
सावेबाईंना दोन फोन. उचलले नाहीत. खिचडीचा तांदूळ संपत आलाय, ऑनलाइन माहिती भरायचीय, रेंज नाही.

१७ सप्टें.
परिषद. सावेबाई रजेवर. चिठ्ठ्या मागितल्या तर सगळ्या सारख्या: "अडचण नाही." एकाने तर आधीच्याची बघून उतरवली. पाटील गुरुजी जाताना म्हणाले, "आता कोण लिहील रे तुझ्यासमोर?" साहेब खूश. "वा, आपल्या केंद्रात अडचणच नाही!" अहवालात तेच गेलं. सही माझी.
माझ्या पहिलीतल्या चौदातल्या नऊ पोरांना अजून अक्षर लागत नाही. तेही कुठे लिहिलं नाही.

२४ सप्टें.
सकाळची शाळा सुटल्यावर नरपडला गेलो. बाई अंगणात मासे निवडत होत्या. ये-बस काही नाही. मी माफी मागितली. मग म्हटलं, "बाई, शून्याचं मी सांगतो ना. काड्यांचे गठ्ठे घेतले की..."
"तुझ्याकडून नकोय मला."
मी गाडीची किल्ली खिशात टाकली.
"सगळ्यांना विचारलं होतं मी. हिंमत करून. तुला वाटलं तुझ्या खेळासाठी लिहिलं."
मग मांजराला हाकललं. मलाच हाकललं असं वाटलं.
निघताना सांगून टाकलं, माझी पहिली वाचत नाही. बाईंनी हातातला मासा खाली ठेवला. "कमळाचा क शिकवतोस ना? पाड्यावर कमळ बघितलंय कुणी?"
"नाही."
"कोंबडा घे. आणि तू कमी बोल, पोरांना बोलू दे. त्यांच्या भाषेत."

१ ऑक्टो.
आठवडाभर कोंबडा, ताडगोळा, चिकू. पोरं वारलीत ओरडतात, मला अर्धं कळत नाही, तीच मला शिकवतात. दोघं अडखळत वाचायला लागलीत. दोघंच. पाठ दुखते, आवाज बसलाय.

८ ऑक्टो.
बाईंचा फोन, स्वतःहून. "पुढची परिषद माझ्या वर्गात. चौथीचा भागाकार मी घेणार. पोरं आधी पढवून ठेवणार नाही."
नमुना पाठ न पढवता? आमच्यात कुणी घेत नाही. साहेब येतात, पोरं उत्तरं पाठ करून बसतात, हीच रीत. म्हटलं, "बाई, अडकलात तर?"
"अडकणारच आहे."
पाटील गुरुजींना सांगितलं तर म्हणे, "तू परत काही उचापत करणार असशील तर मी नाही येत."

१५ ऑक्टो.
बाईंच्या वर्गातच लिहितोय, वहीच्या मागच्या पानावर. आधी उभं राहून माझी चिठ्ठी वाचली, नावासकट: पहिलीतली सात पोरं वाचत नाहीत, गेल्या महिन्याचा अहवाल खोटा. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. 
आता बाई. फळ्यावर सहाशे बारा भागिले सहा. पोरांनी बारा काढलं. बाईंनी पुसून एकशे दोन लिहिलं. पुढच्या बाकावरची पोरगी, "बाई, मधे शून्य कशाला?"
बाईंनी दटावलं नाही. खडू खाली ठेवला, आमच्याकडे वळल्या. "मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोण सांगतं?"
सगळे फरशीकडे बघतायत. मला येतं. पण माझ्याकडून नकोय त्यांना. हात मांडीखाली दाबून बसलोय, लिहायला एकच मोकळा. पाटील गुरुजींना येतं, मला माहितीय. चष्मा काढला त्यांनी. परत लावला. साहेब घड्याळ बघतायत.
बाई अजून उभ्या आहेत.