विमानाचा माळ

३ फेब्रुवारी
पाण्याच्या टाकीची मंजुरी हातात. तालुक्याला घातलेल्या खेट्यांचं चीज झालं. काम मार्चअखेरच्या आत सुरू दिसलं पाहिजे, नाहीतर निधी परत. होईल सुरू. मी पंचायतीची अध्यक्ष असताना गावात टँकर येणार नाही असं प्रचारात बोलून बसलेय.
जागा ठरलीय. विमानाच्या माळाचं टेकाड. गावात सगळ्यात उंच तेच आणि गायरान, म्हणजे कोणाच्या बापाचं नाही. चुन्याच्या रेघा मी उभं राहून मारून घेतल्या.

५ फेब्रुवारी
मल्लूचा जेसीबी बसवकल्याणहून आला आणि रेघेपाशी येऊन बंद पडला. बिघाड नाही. मल्लूनंच बंद केला. "अक्का, केळगं बाँब अदावंत. नन्न कैली आगंगिल्ल." खाली बाँब आहेत म्हणे, आपल्याच्यानं होणार नाही. चहा पाजला, रागावले, हात जोडले. पठ्ठ्या खाली उतरून लांब जाऊन बसला.
हे बाँबचं या गावात सून म्हणून आले त्या वर्षापासून ऐकते. निजामाच्या शेवटच्या दिवसांत इथं विमान उतरलं, बंदुका घेऊन. चाक रुतलं. पोलीस ॲक्शनची फौज येणार म्हणून अख्खं विमानच गाडलं. कोणी म्हणतं विमान न्हाई, नुसते बाँब. कोणी म्हणतं विमानाच्या पोटात सोनं. त्या माळावर आजतागायत कोणी नांगर घातलेला नाही, शेळ्यासुद्धा खालूनच चारतात.
मामंजींना विचारलं. एरवी गावातल्या कुठल्याही गोष्टीवर तासभर बोलतील. "कशाला नसती उठाठेव," म्हणाले आणि बाहेर गेले.

६ फेब्रुवारी
पंचायतीचे सरकारी अधिकारी, पीडीओ, म्हणतात, जिल्ह्याला पत्र लिहू, पथक मागवू, मग बघू. म्हणजे पावसाळा. मी म्हणलं, त्याआधी आपण आपलं बघू.
लातूरकडची दोन पोरं आहेत, गाडलेलं लोखंड शोधायचं मशीन घेऊन फिरतात, व्हिडिओ टाकतात. नवऱ्यानं, प्रकाशनं, नंबर काढला. पैसे नकोत, व्हिडिओ करू द्या म्हणाले. या म्हणलं.

९ फेब्रुवारी
माळावर जत्रा. भज्यांचा गाडासुद्धा आला.
टेकाडावर मशीन गप्प. इकडून तिकडून फिरवलं, चकार शब्द नाही. खाली कडुलिंबाच्या बाजूला मात्र ओरडायला लागलं. लोक मागं पळाले, पोरं खूश, व्हिडिओ चालू. मला त्याचं काही नाही. टाकी वर, लोखंड खाली. संपला विषय. उद्या खणायचं. मल्लूनंसुद्धा मान हलवली.

१० फेब्रुवारी
सकाळी जाऊन बघते तर चुन्याच्या रेघांच्या मधोमध खाजाबी खाला बसलेली. पिंजाऱ्याच्या गल्लीतली, एकटी राहते, मुलगा हैदराबादला. पेन्शनच्या कामाला पंचायतीत येते तेवढीच ओळख. काठी आडवी मांडीवर. "नक्को खोदो." कायकू नक्को, ते सांगेना. लोक हसायलेत. आमचा मेंबर संगमेश म्हणाला, "खाला, विमान तुझ्या नावावर हाय का?" तीपण हसली, उठली मात्र नाही.
मी जाऊन शेजारी बसले. ऊन चढेपर्यंत बसलो दोघी. एकदाच बोलली, हळू. "घर को आ बेटी. इधर लोगां हैं."
मल्लूला म्हणलं, आज राहू दे.
घरी मामंजी पेटलेले. "त्या टेकाडाला हात लावायचा न्हाई! सांगून ठेवतो!" या माणसानं मला निवडणुकीला उभं केलं, घरोघर फिरले. आज पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. मीपण ऐकून घेतलं नाही. कारण सांगा, मग थांबते. कारण न्हाई सांगत म्हणाले.

११ फेब्रुवारी
खालाकडं जाऊन आले.
टेकाडावर तिचे अब्बा आहेत. आणि दोन चाचा.
पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बाहेरून टोळी आली, गावातले काही तिला मिळाले. रजाकार कुठले, कापूस पिंजणारी माणसं ती. रस्त्यातच मारलं. खाला तेव्हा एवढीशी. तिला आणि तिच्या अम्माला मामंजींच्या वडिलांनी, तुकाराम आजांनी, आपल्या घरात आणून लपवलं. तेव्हाचा महारवाडा, आताचं भीमनगर. तिथं कोणी शोधायला आलं नाही. "तुम्हारे घर में पानी बी नै पीते थे वो लोगां. घुसते कैसे?"
कबरस्तान गावाच्या पलीकडं, तिकडंच टोळी बसलेली. आजांनी तिघांना गाडीत घातलं, वर कडबा टाकला. मेलेली जनावरं ओढायचं काम गावानं आमच्याच माणसांवर टाकलेलं, त्यामुळं गाडी माळाकडं निघाली तरी कोणी हटकलं नाही. तिथं पुरलं. दगड ठेवला नाही, ठेवला असता तर उखडला असता. परत येऊन गावाला सांगितलं, फौजेच्या लोकांनी टेकाडावर बाँब पुरलेत, मी बघितलं.
खाला म्हणाली, "बाँब को सब डरते बेटी. मुर्दे को कोई नै डरता."
टोळीला मिळालेल्यांची नावं तिला ठाऊक आहेत. सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. त्यांचे नातू-पणतू आपल्याच पंचायतीत येतात-जातात, एवढं म्हणाली.
येताना सरळ घरी आले नाही. तळ्याकडून लांबून आले.

१२ फेब्रुवारी
मामंजींसमोर जाऊन बसले. म्हणलं, खालानं सांगितलं. मग म्हणाले, "बापानं शपथ घातली होती. ती हाय तवर तिची गोष्ट, तिनंच सांगायची. आपण न्हाई."
मग मीच विचारलं, म्हणजे विमान-बिमान सगळं आजांनी रचलेलं?
"बाँब बापाचे. विमान न्हाई. विमान खरंच उतरलं होतं म्हणायचा. निजामाच्या माणसांनी आपल्याच लोकांना वेठीला धरून माळ सपाट करून घेतलेला. बाँबची गोष्ट खपली ती त्याच्यामुळंच."
मला हसू आलं आणि रडूही. या घरात मी सून आहे याचा आज अभिमान वाटला, लिहायला काय हरकत आहे.
टेकाडावर टाकी होणार नाही. ठरलं.

१४ फेब्रुवारी
पीडीओशी जुंपली. "मॅडम, मशीन म्हणतंय वर काही नाही. खाली लोखंड आहे. आणि तुम्ही टाकी वरून खाली न्यायची म्हणताय?" त्यांचंही बरोबर. खरं कारण सांगता येत नाही, खोटं सांगायचं नाही. म्हणलं, जागा बदलायची, अध्यक्ष मी आहे. "कारण लिहावं लागतं." लिहा, ग्रामस्थांच्या भावना. भावना कुठल्या, कोणाच्या, कोणी विचारत नाही सरकारात.
इंजिनिअर माणूस सरळ. कडुलिंबाजवळची जागा जरा खाली आहे, पण टाकीचे पाय उंच केले तर पाणी भीमनगरपर्यंत चढेल म्हणाले. नवा अंदाज करून देतो. करून द्या, या आठवड्यात.
राहिलं लोखंड. तर लातूरच्या पोरांचा व्हिडिओ घेतला, बीदरला गेले, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर फोन ठेवला. मशीन केकाटतंय, माणसं पळायलीत. म्हणलं, साहेब, लोक रोज बघायला जायलेत, उद्या काही झालं तर? पत्रानं महिने लागले असते. साहेब स्वतःच फोन फिरवायला लागले.

१९ फेब्रुवारी
पथक आलं. कुत्रं, जाड कपडे, लाल फीत. गाव लांब उभं. त्यांनी हळूहळू माती काढली. कंबरेएवढं गेल्यावर लोखंड लागलं. मी फितीपाशी उभी.
बाँब नाही. भोकाभोकांचे जाड पत्रे, एकात एक अडकवलेले, गंजून लाल. प्रकाशनं फोनवर चित्रं शोधली, हुबेहूब. लढाईच्या काळात ओल्या जमिनीवर विमान उतरवायला असे पत्रे अंथरायचे.
म्हणजे मामंजी खरे. आजा खरे. विमान उतरलं होतं.
मामंजी फितीपर्यंत आले, पत्र्याकडं बघत राहिले. "आमच्या माणसांनी वाहिलेत हे. डोक्यावर." पथकातल्या साहेबांनी एक तुकडा हातात दिला, तर घेतला नाही.

२१ फेब्रुवारी
पथकाचा कागद मिळाला, धोका नाही. खड्ड्यापुरते पत्रे काढले, पंचायतीच्या मागं ठेवलेत. मल्लू आता असा खणतोय जसं काही त्यानंच शोध लावला. पायाच्या सळया बांधायला घेतल्या. काम सुरू. मार्च लागायच्या आत. पीडीओंनी पेढे आणले, मी दोन खाल्ले.

२४ फेब्रुवारी
आनंदात होते म्हणून दिसलं नाही. संगमेशनं दाखवलं.
पत्र्यांची ओळ कडुलिंबापाशी संपत नाही. खड्ड्याच्या भिंतीत अजून पत्रे दिसतात, आणि ते जातात वर. सरळ टेकाडाकडं. "अक्का, धावपट्टी वर जायलीय. म्हणजे विमान वरच गाडलंय. मशीन वरवरचं ऐकतं, विमान खोल असंल. उपसू की टेकाड! गावाचं नाव होईल, माणसं येतील बघायला." डोळे चमकायलेत त्याचे. वाईट माणूस नाही. टाकीसाठी माझ्या बाजूनं भांडलाय प्रत्येक वेळी.
आता बाँबची भीती कोणालाच राहिली नाही. पथकानंच लिहून दिलंय. आजांनी घातलेलं कुंपण मी स्वतः बीदरला जाऊन काढून आले.
संध्याकाळी दोघं-तिघं फावडी घेऊन चढत होते. हाकलले. म्हणलं, सोमवारी ग्रामसभा. तोवर कोणी एक ढेकूळ उचलायचं नाही. ऐकलं. माझं ऐकतात अजून.

२६ फेब्रुवारी
खालाकडं. सगळं सांगितलं. म्हणलं, दोन रस्ते आहेत. मी अध्यक्ष म्हणून ठराव करते, टेकाडाला हात नाही, कारण देत नाही. तो ठराव माझ्या मुदतीपुरता. पुढचा अध्यक्ष मोडेल. नाहीतर खरं सांगायचं, मग तिथं दगड बसवू, कायमचा. पण ते तू सांगायचं, मी नाही.
तिनं विचारलं, "दगड पे नाम लिखते?"
लिहू.
"और वो लोगां के नाती? उनकू बुरा लगेगा."
लागेल. लागू दे. पणजोबांनी केलं, त्यांनी नाही, हे मी तिथंच बोलेन. गाव ऐकेल.
एवढं छातीठोक बोलले खरं. ऐकेल का? संगमेशचं घर त्यातलं असलं तर? ऐकायला लावू. भीमनगरचं पाणी मागतानासुद्धा ऐकणार नाहीत असंच म्हणत होते सगळे.
खालानं हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. तिच्या लेकाला अजून काहीच माहीत नाही. चहा केला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

२ मार्च, सोमवार
ग्रामसभा अकराला. खाला सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसलीय. इस्त्रीची साडी, पांढरी ओढणी. मी आत बोलावलं तर नक्को म्हणाली, इथंच बरं. थोड्या वेळानं मामंजी बाहेर गेले आणि तिच्या शेजारी बसले. ही दोघं गावात एकमेकांशी बोलताना मी कधी बघितली नव्हती.
मामंजींनी विचारलं, "मी बोलू का तुझ्या वतीनं?"
"तू नक्को. बोली तो मैं बोलूँगी."
"आणि न्हाई बोललीस तर?"
"वहाँ जाको देखती."
ठराव तयार आहे, पिशवीत. दगडाचा विषयही मनात तयार आहे. कुठला काढायचा ते ती बोलते की नाही त्यावर. मला चालेल दोन्ही. फक्त टेकाड खणलं जाणार नाही, एवढं नक्की.
आत्ता संगमेशचा फोन. "अक्का, गर्दी झालीय, लातूरची पोरंबी मशीन घेऊन आलीत. कामून उशीर करायलाव? लवकर या."
म्हणलं, थांबा म्हणावं सगळ्यांना. तिघं येतोय, म्हातारीच्या चालीनं.