मास्तरांचं अर्धं ताट

३ जून
शिंपीमास्तरांना पक्षाघात होऊन आठवडा झाला. बोलणं स्वच्छ, डावा हात हलायला लागलाय. पण डावीकडचं जग त्यांच्या लेखी नाहीच. आज दाढी केली — फक्त उजव्या गालाची. वर म्हणतात, "सिस्टर, फिनिशिंग बघा!" उरलेला गाल मी उरकला.

४ जून
डॉक्टर खूश. "ताट पूर्ण संपवतात ना? मग डावीकडे लक्ष जातंय. सोमवारी घरी."
मी कागदावरच्या रेघा खोडायला दिल्या, तर डावीकडच्या सगळ्या तशाच. मग ताट कसं संपतं? कुठेतरी पाणी मुरतंय. घर दुकानाच्या वर, जिना अरुंद, कठडा नाही.

५ जून
सापडलं. मास्तरांनी उजवी बाजू फस्त करून चमचा ठेवला. काकूंनी — त्यांच्या बायकोनं — ताट हळूच अर्धं फिरवलं. मास्तर परत जेवायला लागले.
"काकू, हे रोज?"
"मग काय उपाशी ठेवू?"
"जिना असा फिरवता येणार नाही."
काकू म्हणाल्या, "काय करू ते सांग."
मी नियम घालून दिले: ताटाला हात लावायचा नाही. खुर्ची डावीकडे. बोलायचं तिकडूनच.
डॉक्टरांना सांगितलं. सोमवार रद्द.

७ जून
काकू वैतागल्या. "मी इकडून बोलते, हे उत्तर देतात उजवीकडच्या खाटेला. आणि तिथले आजोबा होला हो लावतात!"
हसू आवरेना. त्यांनाही.

८ जून
परत अर्धं ताट. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले.

९ जून
दुकानातून मास्तरांची मापाची टेप मागवली. ताटापुढे आडवी पसरली, सुरुवातीचं टोक डावीकडे.
"मास्तर, मोजा बघू टेबल."
"टोक कुठाय?"
"शोधा."
मधेच थांबले. चिडले. "टोकाशिवाय माप घेतात का कुठे?" म्हणजे टोक आहे, एवढं तरी पटलंय! आज घरी जाताना मी चहा दोनदा प्यायले, उगाचच.

१० जून
टेपवरून बोट थोडं आणखी डावीकडे सरकलं. भाजीची वाटी सापडली.

११ जून
मास्तर बोटानं टेप चाचपत पार डावीकडे गेले, मान वळवून. टोक काकूंच्या मुठीत होतं.
"तू इथे कधीपासून?"
"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या.