थरथरती रेघ

प्रिय बाबा,

नमस्कार. आधीच सांगते, मी वेळेवर जेवते.

इथे हौशी मंडळींना चित्रकला शिकवण्यात माझं बस्तान छान बसलंय. वर्गात एक ड्रायव्हरकाका येतात. हात थरथरतो म्हणून चिडायचे आणि खोडून खोडून कागदाला भोक पाडायचे. मी म्हटलं, "काका, खोडू नका. पेन्सिल मागच्या टोकाला धरा आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवा." त्यांनी झाड काढलं. थरथरत्या रेघेने साल अगदी खरखरीत उतरली. तिथेच बोट ठेवून दाखवलं, तर बघतच राहिले.

हल्ली तुमची पत्रं आईच्या अक्षरात येतात. म्हणे तुम्हाला वेळ नसतो. आईला थापा कधी जमल्यात का?

उत्तर लिहू नका, दारातलं झाड काढून पाठवा. खोडरबर मात्र आईकडे देऊन टाका.

तुमचं शेंडेफळ