चाळीस चौकटींची वही

३ जानेवारी. सकाळी ६.
ठरलं. १४ मार्चला निघायचं. संताच्या कबरीपर्यंत पायी, चाळीस मुक्काम. आईला शेवटच्या दिवसांत शब्द दिला होता, तुझी जपमाळ तिथं नेऊन ठेवीन. त्याला सहा वर्षं झाली. उशीर माझ्यामुळे नाही, बाबांमुळे. वय ८१, ब्लडप्रेशर. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.
रोज पाच किलोमीटर चालायचा सराव. उद्यापासून.

४ जानेवारी.
थंडी. सराव पुढच्या आठवड्यापासून.

११ जानेवारी, रविवार.
चर्चमध्ये मिस्सानंतर फादरांनी यात्रेकरूची वही दिली. चाळीस चौकटी, दर मुक्कामी एक शिक्का. पहिला त्यांनीच मारला. बाकीचे वाटेत घ्या म्हणाले. वही छातीशी धरून घरी आलो. बाबांनी विचारलं, मग आजच निघतोस का? वरवर थट्टा, पण आतून खचलेत.

१९ जानेवारी.
नवे बूट. मला आठ नंबर लागतो, नऊ घेतले. चालून पाय सुजतात असं वाचलंय. औषधाच्या दुकानापर्यंत सराव. औषधवाल्याकडून वहीत शिक्का घेतला. शिक्का घ्यायचाही सराव नको का?

२ फेब्रुवारी.
दाताचा डॉक्टर, लॉन्ड्री, वाचनालय. शिवाय ऑफिसात आवक-जावकचा शिक्का माझ्याच टेबलावर असतो, त्याचे सहा. साहेबांनी विचारलं, रजेचा अर्ज कुठाय? देतो म्हटलं. पंचवीस वर्षं त्याच खिडकीतून तीच भिंत बघतोय. जीव गुदमरतो. पण बाबांना टाकून जाऊ कसा?

१५ फेब्रुवारी.
बाबांच्या उशीखालून पत्ते जप्त केले. पत्त्यांनी प्रेशर चढतं. मिठाची बरणीही आता कुलपात. बाबा म्हणाले, जा रे बाबा एकदाचा! माझ्यासाठी किती मन घट्ट करतात.

१ मार्च.
घोटाळा. बाबांनी मला न विचारता ताईला फोन केला. ती चाळीस दिवस राहायला येतेय. घरी नवऱ्याला सांगून मोकळीसुद्धा झाली! बाबांनी परस्पर साहेबांनाही फोन केला. रजा मंजूर. चारी बाजूंनी कोंडी झालीय माझी.

१३ मार्च.
सामान भरलं. चौदा किलो. ताईनं विचारलं, इस्त्री कशाला? तिला वाटेतल्या अडचणी काय कळणार! सरावाच्या शिक्क्यांनी वही भरत आली, एकच चौकट उरलीय. बघू.

१४ मार्च. सकाळी ६.१०.
निघालो! बाबांनी दारात माझ्या कपाळावर क्रूस काढला. मला सोडवत नव्हतं त्यांना. जपमाळ खिशात.

सकाळी ८.४०. पेट्रोल पंप.
अडीच किलोमीटर. टाचेला फोड. पंपवाल्यानं पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, मागितल्यावर शिक्काही दिला. चाळीसावा. वही भरली. आता पुढं जायचं कसं? नियम म्हणजे नियम. बिनशिक्क्याचं चालणं ही संताची शुद्ध फसवणूक. जड मनानं मागं फिरतोय.

दुपारी १२.
पायऱ्या चढताना आतून हसणं ऐकू आलं. बाबांचं. आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. दार उघडलं. माझ्या खुर्चीत बाबा, समोर ताई, मधे नवे कोरे पत्ते आणि खारे दाणे. मला बघून बाबा घाईघाईनं पत्ते गोळा करून उशीखाली सारायला लागले. मला एकदम लाज वाटली. कशाची, ते कळेना.
त्यांना वहीचा नियम नीट समजावून सांगितला. रागावले नाहीत. नुसता हात पुढं केला आणि जपमाळ मागितली. म्हणाले, असू दे, आता मीच नेऊन देतो तुझ्या आईला, माझं तिकडं जाणं फार लांब नाही. तुझं विचारलंन तर सांगेन, निघालाय म्हणून.

१५ मार्च, रविवार.
मिस्साला गेलो नाही. टाच दुखतेय. बूट खोक्यात ठेवले. मिठाच्या कपाटाची किल्ली बाबांच्या उशाशी ठेवून आलो. ताई चाळीस दिवस राहणारच आहे म्हणते.
बाबांच्या खोलीत पुन्हा डाव मांडलाय. मलाही घ्या, असं म्हणायला उठलो. दारापर्यंत गेलो.