खोलीत कोण कोण होते

सर, गेल्या शनिवारी निगडीत आपल्या भागातील वकिलांसाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली. विषय होता मृत्युपत्रे, विश्वस्त व्यवस्था आणि वारसा. त्यातले दुपारचे सत्र माझ्याकडे होते : मृत्युपत्राचा साक्षीदार आणि त्याची जबाबदारी. तुमच्या काळी असे काही नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण ते होते. फक्त त्याला प्रमाणपत्र नव्हते. महिन्यातल्या एका शनिवारी आकुर्डीच्या तुमच्या ऑफिसात आम्ही पाच-सहा ज्युनिअर बसायचो. खालच्या वर्कशॉपमधली लेथ चालू असायची, कूलंटचा वास जिन्याने वर यायचा, आणि तुम्ही एखादे मृत्युपत्र नावे झाकून आमच्यासमोर ठेवायचात व विचारायचात, "हे कुठे फुटेल?" आता हजेरीपटावर सही करावी लागते, गळ्यात ओळखपत्र अडकवावे लागते आणि जाताना अभिप्रायाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो विचारण्याची पाळी आता माझी आहे.

मी तुमच्याकडे आलो तो चाकणच्या एका कंपनीतली टाइम ऑफिसची, कामगारांच्या हजेऱ्या लिहिण्याची नोकरी सोडून. वाणिज्य शाखेची पदवी, मागाहून नोकरी करता करता घेतलेली कायद्याची पदवी, आणि कागद चोख असला की काम चोख झाले अशी पक्की समजूत. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'बीकॉम'च होतो. एका आजोबांच्या घरी जाऊन मी एकट्याने केलेले पहिले मृत्युपत्र तुमच्यापुढे ठेवले, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. चतुःसीमा बरोबर, गट क्रमांक बरोबर, एकही खाडाखोड नाही. तुम्ही ते दोनदा वाचता, चष्मा काढता आणि म्हणता, "मसुदा उत्तम. आजोबा कशावर बसले होते?"

मी मसुदा पुन्हा चाळू लागतो.

"खुर्चीवर की कॉटवर? शेजारी कोण होतं? पाणी कोणी आणून दिलं?"

"सर, त्याचा मृत्युपत्राशी काय संबंध?"

"अहो बीकॉम, दहा वर्षांनी तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहाल तेव्हा समोरचा वकील तुम्हाला कलमं विचारणार नाही. कलमं त्यालाही येतात. तो हे विचारेल."

त्याच संध्याकाळी तुम्ही मला लाल कापडी पाठीची एक कोरी वही दिलीत. प्रत्येक मृत्युपत्राला एक पान, त्याच दिवशी, स्वतःच्या अक्षरात, आणि पहिली ओळ ठरलेली : खोलीत कोण कोण होते. तुमच्या कपाटात अशा वह्यांची रांग होती. दुसरा नियम त्याहून कडक होता. ज्याच्या लाभाचे मृत्युपत्र, तो दाराबाहेरच्या बाकावर. मुलगा असो, मुलगी असो, आईला धरून जिना चढवून आणणारा असो. मग दार लावून तुम्ही मसुदा वाचायचात आणि प्रत्येक वाक्य करणाऱ्याकडून त्याच्या बोलीत परत म्हणवून घ्यायचात. हे इतक्या वेळा पाहिले होते की पुढे पुढे मी ते पाहणेच सोडून दिले. ते होतच असणार असे मी गृहीत धरू लागलो.

देहूच्या अलीकडच्या गावठाणातली ती म्हातारी आली तेव्हा मी साक्षीदार होतो. दुसरे साक्षीदार तिचे डॉक्टर. रस्त्यालगतच्या दोन खोल्या तिला विधवा सुनेच्या नावे करायच्या होत्या. थोरला मुलगा चाकणच्या कंपनीत कामाला होता, तो वारला होता. धाकट्याने तिला मोटारसायकलवरून आणले होते, सून मागून बसने आली. तुम्ही धाकट्याला म्हणालात, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी कशाला बाहेर? आई माझी हाय."

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात. तो हसला आणि गेला. सूनही उठली, पण म्हातारीने तिचे मनगट धरले.

"ही हितंच बसंल. मला आईकाया येत न्हाई. हिच्या व्हटाकडं बघितलं की कळतं."

"आजी, तुम्ही हिच्याच नावाने करताय. ही आत बसली तर उद्या लोक बोलतील."

"व्हय, म्हणून मला बहिरी करून बसवता व्हय, वकीलसाहेब? मग अंगठा कशावर देऊ, तुमच्या तोंडावर?"

डॉक्टर मोठ्याने हसले. तुम्ही हसला नाहीत. सुनेला बसायला सांगितलेत. मग तुम्ही वाचत गेलात, सून तेच वाक्य म्हातारीकडे तोंड करून सावकाश म्हणत गेली आणि म्हातारी ते आपल्या भाषेत परत देत गेली. "म्या मेल्यावर दोन्ही खोल्या हिच्या. धाकल्याला रान दिलंय, त्याचं भागतंय." तिचा अंगठा उमटला, डॉक्टरांनी सही केली, मी केली. दार उघडले तेव्हा धाकटा बाकावर बसून होता.

पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यानंतर म्हातारी आणि डॉक्टरही गेले. धाकट्याने मृत्युपत्राला आव्हान देणारा दावा लावला आणि त्या दिवसाबद्दल सांगू शकणारा, कुणाचाही नातलग नसलेला माणूस मी एकटाच उरलो. उलटतपासात त्याच्या वकिलांनी सरळ प्रश्न विचारला : मृत्युपत्र वाचले जात असताना सून खोलीत होती की नाही? मी म्हणालो, "नव्हती. लाभार्थीला बाहेर बसवायची सरांची पद्धत होती." जबानीत ते रीतीप्रमाणे उतरले : "सून खोलीत हजर होती, हे म्हणणे खरे नाही." वाचल्याशिवाय सही करायची नाही हेही तुम्हीच शिकवलेले. मी ते वाचले आणि सही केली. नंतर सुनेनेही तेच सांगितले. तिला कोणी तसे पढवले असेल, पण तिला दोष द्यायला मला तोंड नाही.

मृत्युपत्र टिकले. निकालात असे आले की साक्षीदार स्वतः अनुभवी वकील असून त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, आणि सून खोलीत होती हे धाकट्याचे म्हणणे मागाहून रचलेले दिसते. त्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही. तो आता कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, अंगात खाकी गणवेश होता.

"वकीलसाहेब, खोल्या गेल्या त्या जाऊ द्या राव. पण वहिनी आत नव्हती म्हणता? मग बाहेर बाकावर मी एकटाच कसा व्हतो?"

मी घड्याळ पाहिले आणि दुसऱ्या खटल्याची तारीख आहे म्हणालो. तारीख होतीही.

यंदा काकूंचा फोन आला. प्राधिकरणातला तुमचा बंगला पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत. काकू आता मुलीकडे माण गावी राहायला गेल्या आहेत. "बीकॉम, यांच्या वह्या तुम्ही नेताय की रद्दीत घालू?" त्या अजूनही मला त्याच नावाने हाक मारतात. मी वह्या आणल्या. सत्रात दाखवायला एखादे नमुन्याचे पान हवे होते, पण खरे सांगायचे तर मी एकच पान शोधत होतो. ते सापडले. तुमच्या अक्षरात आहे :

"खोलीत : आजी, सून, डॉक्टर, बीकॉम, मी. धाकटा मुलगा बाहेर बाकावर. सून लाभार्थी आहे. बाहेर जायला उठली होती, आजींनी धरून ठेवले. ऐकू येत नाही, सुनेच्या ओठांवरून समजते. राहू दिले. प्रत्येक वाक्य आजींकडून परत घेतले, त्यांच्या शब्दांत खाली दिले आहे. सुनेला राहू दिल्यावर मुलालाही आत घ्यायला हवे होते. चूक माझी."

खाली म्हातारीची सगळी वाक्ये आहेत, रानाचेही आहे. सर, हे पान न्यायालयासमोर आले असते तर सून खोलीत असूनही मृत्युपत्र टिकले असते असे माझे मत आहे. निदान ते टिकायचे असेल तर खऱ्यावर टिकले असते. आणि बाकावर बसलेला माणूस खोटा ठरला नसता.

कार्यशाळेत मी नावे झाकून या पानाच्या प्रती वाटल्या. नियम मोडावा लागला तर तो कसा मोडावा आणि मोडल्याची नोंद कशी ठेवावी, याचा याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही, असे मी सांगितले. सभागृहात सगळे मन लावून वाचत होते. चाकणकडे वकिली करणारी एक तरुण मुलगी उभी राहिली.

"सर, हे मॅटर पुढे कोर्टात गेलं होतं का? साक्षीदारानं काय सांगितलं?"

मी म्हणालो, "नाही. गेलं नाही."

मागून कोणीतरी म्हणाले, "एवढं लिहून ठेवल्यावर कोण जातंय राव कोर्टात!" सभागृह हसले. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये बहुतेकांनी हेच सत्र सर्वांत उपयुक्त म्हटले आहे.

इतकी वर्षे मी स्वतःला असे सांगत आलो की पिंजऱ्यात मला तुमची पद्धत आठवली आणि तो दिवस आठवला नाही. साक्षीदाराकडून ही चूक होते. तीच टाळायला मी कार्यशाळेतल्या मुलांना शिकवलेही : सवयीची साक्ष देऊ नका, त्या दिवसाची द्या. पण मला तो दिवस आठवत होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत सुनेच्या मनगटावरची म्हातारीची बोटे माझ्या डोळ्यांसमोर होती. खरे सांगितले तर खरे मृत्युपत्र पडेल अशी मला भीती वाटली, आणि तुम्ही तुमचाच नियम मोडला होता हे भर न्यायालयात माझ्या तोंडून निघू नये असेही वाटले. तुम्ही ते आधीच लिहून ठेवले असणार, हेही मला ठाऊक होते. साक्षीच्या आधी काकूंकडे वही मागायला मी गेलो नाही तो म्हणूनच.

हे पत्र त्या पानाशी ठेवावे असे लिहायला बसताना मनात होते. ठेवणार नाही. माझ्यानंतर त्या वह्या कोणीतरी उघडेल. हे खणात राहील. पुढच्या महिन्यात चाकणला हेच सत्र पुन्हा आहे, पानाच्या प्रती काढून झाल्या आहेत. त्या मुलीने विचारले ते तिथे कोणी विचारले तर काय सांगायचे हे मी ठरवलेले नाही. कोणी विचारू नये असे मात्र मला वाटते.