माझ्या दफनाची जागा मीच ठरवली आहे

मी, श्रीमती सुलाबाई बारकू गावित, वय वर्षे ७४, निवृत्त परिचारिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट मुलगा धनराज "आई, हे लिहू नकोस" म्हणून आठवडाभर मागे लागला होता.

१. राहता फ्लॅट धनराज आणि मुलगी तृप्ती यांना निम्मा-निम्मा. दागिने तृप्तीचे. यावर वाद नको.

२. माझे पती बारकू यांनी आमच्या चर्चच्या मंडळीच्या दफनभूमीत एकतीस वर्षं कबरी खणल्या, मयतांना अंघोळ घातली. करोनात सख्खी मुलं फाटकाबाहेर उभी असताना हे आत होते. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. मी खूप मागे लागले. ते पेठ तालुक्याकडचे, म्हणायचे, "सुला, तुझा देव लय भला हाय. पण मला नाय पटलं, तर तोंडानं खोटं कसं म्हणू?"

ते वारले तेव्हा मंडळीच्या समितीने त्यांना तिथे जागा नाकारली. पाळकसाहेब मला समजावत म्हणाले, "सुलाबाई, माणूस विश्वासाने तरतो, कृत्यांनी नाही." मान्य. मीही लहानपणापासून हेच शिकले आणि आजही मानते. मग मंडळीतलं कुणी गेलं की व्यासपीठावरून त्याच्या सत्कृत्यांचा पाढा अर्धा तास का वाचता? रविवारची शाळा किती वर्षं घेतली, वेदीसाठी पडदे कुणी शिवले? कृत्यं निरुपयोगी ठरली ती फक्त आमच्या माणसाच्या वेळी. कृपा फुकट असते म्हणता आणि फाटकाला कुलूप घालता.

माझ्या मागे असला पाढा वाचू नये. कुणी वाचू लागल्यास तृप्तीने उठून थांबवावे.

३. दफनभूमीत आईशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा मी सोडते. समिती पुढे ज्याला नाकारेल त्याला ती द्यावी. समिती ऐकणार नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहिते. मला पेठजवळ, दीर पुंजा यांच्या शेतात, बारकूंच्या शेजारी पुरावे. पुंजाभाऊजींची संमती सोबत जोडली आहे. पाळकसाहेबांनी जरूर यावे, प्रार्थना करावी. मी ख्रिस्ती म्हणूनच मरणार आहे.

४. बारकूंची कुदळ, पहार आणि फावडं धनराजला. धनराज, जागा नाकारली त्या बैठकीत तू समितीचा सचिव होतास. बापाच्या बाजूने एक शब्द बोलला नाहीस, खाली मान घालून ठराव लिहीत बसलास. मी तुला त्यावरून कधी टोचून बोलले नाही, पण विसरलेही नाही. माझा खड्डा तू स्वतः खणायचा. मजूर लावायचा नाही. हाताला फोड येतील, येऊ देत.

५. शेवटचं माझ्या प्रभूला. तुझ्यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. मला एकटीला आत घेणार असशील तर मी येणार नाही. चाळीस वर्षं दर रविवारी मी उपासनेला आत बसले आणि हा माणूस माझी छत्री घेऊन बाहेर उभा राहिला. आता मी त्यांच्यासोबत बाहेर उभी राहीन.

सही: सुलाबाई बारकू गावित

सुलाबाईंनी हे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले आणि आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. मंगलाबाई साळवे, महिला मंडळ
२. गोरक्ष जाधव, शेजारी

स्थळ: नाशिक
दिनांक: १४ मार्च २०२५